न सांगायचं दुखणं

निलोफर नेरच्या एका पिंजाऱ्याची मुलगी. बापाच्या धुनकीचा आवाज ऐकत ती वाढली. गाद्या-रजया शिवायला शिकली, आणि अंगाखांद्यावर कापूस घेऊनच शहाणी झाली. दारव्ह्याच्या शकीलशी तिचं लग्न झालं तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी तिची एकच गोष्ट ध्यानात ठेवली, ती म्हणजे तिचं हसणं. हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही. तोंडावर ओढणी दाबून ती आतल्या खोलीत पळायची, आणि तिथून तिचं हसू भिंतीपलीकडे ऐकू यायचं. सासू हजराबी ओसरीवर गहू निवडत म्हणायची, "हसू दे तिले. तिचे सासरे गेल्यापासून या घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही."

हजराबी प्रेमळ होती, पण जुन्या वळणाची. बाईच्या अंगाचं बोलणं बाईनं गिळून टाकावं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं आणि तिनंही ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात निलोफर एकदा तिच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली होती, "अम्मी, लघवी करताना आग होऊन राह्यली." हजराबीनं आधी दाराकडे पाहिलं. शकील बाहेर हातपाय धूत होता. "हळू बोल," ती म्हणाली. "उन्हाचं असते. सब्जा भिजवून पे. अन् असं काही मर्दाच्या कानावर जाऊ देत जाऊ नको." निलोफर सब्जा प्याली, बरं वाटलं, आणि ती गोष्ट तिथंच संपली. पुन्हा तिनं सासूजवळ तो विषय काढला नाही.

शकील फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बसस्टँडच्या मागं त्याची टपरी होती. कापसाचे भाव पडायला लागले तेव्हा आधी त्याचं काम वाढलं, कारण नवा पंप घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. लोक जुनेच पंप घेऊन यायचे, वॉशर बदलून द्या, नळी बदलून द्या म्हणायचे. पुढं पुढं तेही सुटलं. दुरुस्त केलेले पंप टपरीत ओळीनं पडून राहायचे आणि न्यायला मालक फिरकायचे नाहीत. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "शकीलभाई, येतो ना, कापूस निघू दे." शकीलचा स्वभाव तगादा लावण्याचा नव्हता.

म्हणून निलोफरनं गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला जायचं ठरवलं. हजराबीला ते पटलं नाही. पण शेजारच्या तांड्यावरची बसंतीबाई त्या जिनिंगमध्ये जुनी होती, ती स्वतः घरी येऊन बसली.

"खाला, तिथं समद्या बायाच असते," बसंतीबाई म्हणाली. "गंजीभोवती बसाचं अन् कापसातला कचरा येचाचा. मी हाय ना तिच्या बाजूले. पोटच्या पोरीसारखी संभाळतो."

तिनं सांभाळलंही. कापसाच्या गंजीजवळ निलोफरला ती आपल्याशेजारी बसवायची, भाकरीबरोबरची मिरचीची चटणी अर्धी तिच्या ताटलीत टाकायची. निलोफरला काम आवडलं. पिवळा पडलेला कवडी कापूस, पालापाचोळा, सरकीचे तुकडे तिच्या बोटांना आपोआप सापडायचे. काम करता करता ती बायांना नेरच्या गोष्टी सांगायची आणि सगळ्या हसायच्या. जिनिंगचा मुकादम बबनराव दुरून ओरडायचा, "अवो बायांनो, हात चालवा, तोंड नका चालवू!"

अडचण एकच होती, आणि ती कोणी तोंडानं सांगत नसे. जिनिंगच्या मागच्या बाजूला एक संडास होता. त्याला कुलूप असायचं आणि चावी ऑफिसात खिळ्याला टांगलेली. व्यापारी आले, कापसाची प्रत ठरवणारे बाहेरगावचे ग्रेडर आले, की ते कुलूप उघडायचं. बायांसाठी म्हणून वेगळं काही नव्हतं. भिंतीपलीकडे नाला होता, पण हंगामात तिथं कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या. गाडीवाले भिंतीच्या सावलीत बिड्या ओढत बसायचे, कोणी तिथंच झोपायचे. त्यांच्यासमोरून नाल्यात उतरायचं कसं? आणि चावी मागायची तर ऑफिसात चार पुरुषांपुढे उभं राहून मागायची कशी?

बायांनी त्यावर आपला उपाय काढला होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना एक घोट घ्यायचा, तो संध्याकाळी घरी परतेपर्यंत. कापसाची धूळ नाकातोंडात जाऊन घसा कोरडा पडायचा, तरी घरून आणलेल्या डबकीतलं पाणी तसंच राहायचं. निलोफरही तसंच करायला लागली.

पहिल्याच हंगामात तिला पुन्हा आग व्हायला लागली. दोन दिवस ती ओठ चावून बसली. बसंतीबाईच्या ते लक्षात आलं.

"जळजळ होऊन राह्यली का वो?"

निलोफरनं मान खाली घातली.

"लाजू नको. हितं समद्याइले होते. संध्याकाळी देतो तुले कॅप्सूल."

मोहल्ल्याच्या तोंडाशी कलीमचं मेडिकल होतं. कलीम शकीलच्या वर्गातला, तिला 'भाभी' म्हणणारा. त्याच्यापुढे निलोफर असलं काही बोलूच शकत नव्हती. बसंतीबाई मात्र बिनधास्त जायची. पण खरं तीही सांगायची नाही. म्हणायची, "अंगात कणकण हाय, मांग देल्ली तीच लाल कॅप्सूल दे." कलीम पाकीट कापून सुट्या कॅप्सूल द्यायचा. पूर्ण पाकीट घेणारं गिऱ्हाईक त्या वर्षांत कमीच उरलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर समोरचा माणूस दुसऱ्या दुकानात जातो, हेही त्याला ठाऊक होतं.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे कामाचा दिवस बुडवायचा. आणि जिनिंगच्या दारात रोज सकाळी काम मागणाऱ्या नव्या बाया उभ्या असायच्या. आज जागा सोडली तर उद्या तिथं दुसरी बसलेली दिसायची. शिवाय सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर रोज नसायची. पुरुष डॉक्टरकडे जायचं तर नवरा किंवा सासू बरोबर हवी, म्हणजे घरी सांगणं आलं. त्यापेक्षा कॅप्सूल बरी. दोन घेतल्या, तीन घेतल्या की आग थांबायची. आग थांबली की उरलेल्या कॅप्सूल पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या. पुढं कोणाला लागली की ती गाठ सुटायची. गंजीभोवती बसलेल्या बायांमध्ये अशा कॅप्सूल या हातातून त्या हातात फिरत राहायच्या. त्यात कोणाचा लोभ नव्हता. होती ती मायाच.

असे हंगाम गेले. निलोफरला आग लागायची, कॅप्सूलनं थांबायची, परत लागायची. नंतर नंतर दोन-तीन कॅप्सूलनं भागेना. बसंतीबाईनं कलीमकडून "जरा जोराची" आणली. त्यानं काही दिवस बरं वाटलं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही निलोफरची कूस उजवली नव्हती. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ती आंबटाला नाही म्हणेना, सकाळी उलट्या करायला लागली, आणि हजराबीनं ओळखलं. म्हातारीनं दर्ग्यावर चादर चढवली. आपल्या पेटीतलं मऊ झालेलं जुनं लुगडं काढलं, त्याची दुपटी शिवायला बसली. निलोफर शेजारी बसून त्यात कापूस भरायची. शकील टपरीवरून लवकर घरी यायला लागला. येताना कधी बोरं, कधी पेरू आणायचा आणि तिच्यासमोर ठेवायचा.

हंगाम सुरू झाला तसं हजराबी म्हणाली, "आता जिनिंग बंद कर."

"संक्रांतीपर्यंत जातो, अम्मी. बसूनच तर काम हाय. यांच्या टपरीवर एक माणूस येत नाही, तुमी पाहून राह्यल्या ना."

ते खरंच होतं, हे हजराबीलाही माहीत होतं.

पोट वाढलं तसं निलोफरला वारंवार जावंसं वाटायचं, आणि जाता यायचं नाही. ती आणखी कमी पाणी प्यायला लागली. आग पुन्हा लागली. ओढणीच्या गाठीतल्या कॅप्सूल घेतल्या, फरक पडला नाही. जोराचीही घेतली, तरी नाही. कमरेत, पाठीच्या एका बाजूला कळ यायला लागली. हजराबीनं विचारलं तर ती म्हणाली, "पोटाचं वजन हाय, अम्मी." हजराबीला तेच वाटलं. तिनं तेल कोमट करून सुनेची पाठ चोळून दिली.

एका दुपारी गंजीजवळ बसल्या बसल्या निलोफरला थंडी भरली. दात वाजायला लागले. बायांनी तिच्या अंगावर पोती टाकली तरी ती थरथरत होती. बसंतीबाईनं बबनरावाला न विचारताच ऑटो बोलावला आणि तिला घरी आणलं. गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट जोरानं चढला आणि निलोफर भलतंसलतं बोलायला लागली. शकीलनं जीप केली. हजराबी बसली, आणि कोणी म्हटलं नाही तरी बसंतीबाईही बसली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होती. बरेच तास उभी असावी, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं तपासून विचारलं, "लघवीचा त्रास याआधी झाला होता?"

निलोफरला थोडी शुद्ध होती. तिनं सासूकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"नाही," हजराबी म्हणाली. "काहीच नव्हतं."

"होता," मागून बसंतीबाई बोलली. "तीन साल झाले बाई, होत असते. म्या कॅप्सूल द्याचो. दोन-तीन घेतल्या की बरं वाटाचं."

हजराबी वळून तिच्याकडे बघतच राहिली.

डॉक्टर रागावली नाही. तिनं लिहून घेतलं, लघवी तपासणीला पाठवली, सलाईन लावलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा ती शकीलला आणि हजराबीला बाजूला घेऊन म्हणाली, "हे जंतू आता किडनीतून रक्तात गेले आहेत. अर्धवट घेतलेल्या औषधांनी ते मरत नाहीत, त्या औषधांना सरावतात. आम्ही नेहमी देतो ती अँटिबायोटिकं यांच्यावर चालत नाहीत. एक औषध आहे, पण आत्ता आमच्याकडे शिल्लक नाही. बाहेर मिळालं तर ताबडतोब आणा."

शकील धावला. यवतमाळात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरला. एका ठिकाणी थोडं मिळालं, बाकीचं नागपूरहून मागवावं लागेल म्हणाले. तो परत आला तेव्हा निलोफरला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरले नव्हते. मुलगी झाली, ती रडलीच नाही.

नर्सनं तिला कपड्यात गुंडाळून हजराबीच्या हातात दिलं. हजराबीनं तिच्या कपाळावर बोट फिरवलं. केस भरपूर होते, निलोफरसारखेच.

औषध चालू झालं. एक दिवस निलोफरला बरं वाटलं. सकाळचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. तिनं हजराबीचा हात धरला.

"अम्मी, बसंतामावशीले काही बोलू नका. तिनं मायेनं देल्ली."

"मले काहून नाही सांगितलं, बेटा?" हजराबी म्हणाली. "मी तुही कोणीच नव्हतो का?"

निलोफर म्हणाली, "कसं सांगू, अम्मी? तुमाले वाईट वाटलं असतं." आणि जरा वेळानं, "मले पाणी द्या. लय तहान लागून राह्यली."

हजराबीनं तिला चमच्यानं पाणी पाजलं. पुरे म्हणेपर्यंत पाजलं. त्याच दुपारी ताप पुन्हा चढला, श्वास जोरजोरात चालायला लागला, आणि ऊन कलताना, अस्राच्या नमाजाच्या सुमारास निलोफर गेली. नागपूरहून मागवलेलं औषध त्यानंतर पोचलं.

दारव्ह्याच्या कब्रस्तानात निलोफरला तिच्या लेकीशेजारी ठेवलं. नेरहून निलोफरचा बाप आला. जाताना त्यानं शकीलच्या पाठीवरून हात फिरवला. घरी बाया बसायला आल्या. सगळ्या म्हणाल्या, बाळंतपणात गेली बिचारी, नसीब. हजराबी ऐकून घ्यायची. बसंतीबाई आली ती गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली, आत यायचं तिला धाडस होईना. हजराबीला कोणीतरी सांगितलं. ती उठून बाहेर गेली, तिचा हात धरून तिला आत घेऊन आली आणि आपल्याशेजारी बसवलं. बसंतीबाई पदर तोंडात धरून रडत राहिली.

चाळिसावा झाल्यावर हजराबीनं बुरखा घातला आणि भर दुपारी चालत जिनिंगवर गेली. आयुष्यात ती कधी अशी एकटी पुरुषांच्या घोळक्यात गेली नव्हती. फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. बबनराव वजनकाट्याजवळ होता. तिनं आपण कोण ते सांगितलं तसा तो पुढं आला.

"मावशी, लय वाईट झालं. तुमची सून म्हणजे..."

"बबनराव, मले तुमाले एक सांगाचं हाय," हजराबी म्हणाली. चेहऱ्यावरचा पडदा तिनं वर केला. "लोक म्हणून राह्यले, माही सून बाळंतपणात मेली. ती बाळंतपणात नाही मेली. तुमच्या इथं तिले दिवसभर लघवीले जाता येत नव्हतं. म्हणून पाणी नाही पेयाची. म्हणून दुखणं लागलं, अन् लाजेपायी चोरून गोळ्या खाल्ल्या. मलेबी नाही सांगितलं. म्या तिले सांगू देल्लं नाही कधी. तिकडं ते कुलूप लावलेलं हाय ना, ते उघडा."

आजूबाजूच्या एक-दोघा पुरुषांनी माना दुसरीकडे वळवल्या. गंजीजवळच्या बायांचे हात थांबले, त्यांत बसंतीबाईही होती.

बबनराव घाम पुसायला लागला. "मावशी, बायाइनं कधी सांगितलंच नाही आमाले."

"कशा सांगतीन? तुह्या मायनं तुह्या बापाले सांगितलं असतं का?"

विठ्ठलराव नावाचा एक म्हातारा शेतकरी आपल्या गाडीच्या जुवावर बसला होता. दर हंगामात तो कापूस घेऊन यायचा आणि भिंतीच्या सावलीत नंबर यायची वाट बघायचा. तो खाली उतरला. "आमीच तर बसतो तिथं बिड्या फुकत," तो म्हणाला. "इतके वर्स झाले, ध्यानातच नाही आलं. बबनराव, चाबी द्या त्याइले. अन् गाड्या समोरच्या आंगानं लावू आमी."

बबनराव ऑफिसात गेला. चावी आणून त्यानं ती हजराबीच्या हातात दिली नाही, बसंतीबाईच्या दिली. मग कुणाकडेही न पाहता वजनकाट्याकडे परतला.

त्या दिवसापासून बाया पाणी प्यायला लागल्या. बसंतीबाई संध्याकाळी येऊन हजराबीला सांगायची. शकील आत बसून ऐकायचा, आता त्याच्यापासून कोणी काही लपवत नव्हतं. पण ते फार दिवस टिकलं नाही. त्या साली कापूस कमी पिकला होता, आणि ज्यांच्याकडे होता ते भाव वाढेल म्हणून घरातच दाबून बसले होते. गाड्या येईनाशा झाल्या. जिनिंगच्या शेठनं महिना-दीड महिना आधीच यंत्रं बंद केली आणि बायांना घरी पाठवलं.

तांड्यावरची बरीच माणसं मिरची तोडायला आंध्रात निघाली. बसंतीबाईही निघाली. जायच्या सकाळी ती हजराबीकडे आली. डोक्यावर बोचकं होतं, हातात पिशवी. रस्त्यावर जीप उभी होती, माणसं टपावर चढत होती.

"येतो, खाला. होळीनंतर वापस येऊ."

"तिथं राह्यता कुठं?"

"वावरातच. पाल ठोकाचे."

"अन् बायाइले?"

बसंतीबाईनं मान हलवली. "मोकळं वावर हाय समदं. मिरचीचं झाड ते केवढंसं. आडोसा कायचा?"

बोलता बोलता तिनं पिशवी जमिनीवर ठेवली. वरच्या फडक्याखाली कॅप्सूलची पाकिटं होती. हजराबीची नजर तिथं गेली आणि बसंतीबाईनं ती पाहिली.

"मले मालूम हाय, खाला," ती हळूच म्हणाली. "त्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं ते समदं ध्यानात हाय. पण संग पोरीबाया हायत. तिथं दवाखाना दूर, बोली आपली नाही. अन् ठेकेदार एक दिवस सोडत नाही. तुमीच सांगा, तिथं कोणाले त्रास झाला तर मी काय देऊ?"

डॉक्टरचं बोलणं हजराबीला शब्दन् शब्द आठवत होतं, पण बसंतीबाईला द्यायला त्यातलं काही पुरत नव्हतं. "अर्ध्यात सोडू नको," ती शेवटी म्हणाली. "अन् ताप आला तर थांबू नको. ठेकेदार काही म्हणो, गाडीत घाल अन् दवाखान्यात ने."

"हो."

बसंतीबाईनं पिशवी उचलली. जीपवाल्यानं हॉर्न दिला. हजराबी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेली. जीपमध्ये मागं दाटीवाटीनं पोरी बसल्या होत्या. काही तर निलोफर लग्न होऊन आली तेव्हा होती तेवढ्याच वयाच्या. हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. बसंतीबाईला त्यांनी ओढून वर घेतलं. जीप निघाली.

हजराबी घरी आली. शकील टपरीवर जायला निघाला होता, तो दारात थांबला. "गेली का, अम्मी?"

"गेली. कॅप्सूल संग घेऊन," ती म्हणाली आणि ओसरीवर बसली.